मागे घर बांधून वरंध घाट

मी जन्मभर गाडी चालवली, पण वळवली कधीच नाही. दौंडला रेल्वेत ड्रायव्हर होतो. मालगाडी रूळ नेतील तिकडे जाते. ड्रायव्हरनं फक्त पळवायची आणि थांबवायची. स्टिअरिंग नावाची वस्तू माझ्या हाताला ठाऊकच नाही. त्यामुळे आमच्या महाडच्या प्रवासात गाडी चालवली ती आमच्या मुलीनं, प्रज्ञानं. मी मागच्या सीटवर बसून तिला गाडी कशी चालवायची ते सांगत होतो. यातून जे व्हायचं ते झालं, आणि तेच लिहायला बसलो आहे.

जायचं होतं माझ्या बायकोला, कौसल्येला. आमच्या वॉर्डातल्या बाया दर मार्चात टेम्पो करून महाडला चवदार तळ्यावर जातात. त्यात ती हटकून असायची. मला ड्युटीनं कधी सवड दिली नाही. रिटायर झालो आणि म्हणालो, चला, आता जोडीनं जाऊ. तर त्याच हिवाळ्यात तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, पाय ओढत चालते, जीभ जड झाली. दवाखाना सोडला तर ती घराबाहेर पडेनाशी झाली. खरी अडचण संडासाची. तिला खाली बसता येत नाही, आणि रस्त्यावरच्या हॉटेलांमधले संडास तुम्हीही पाहिले असतील. पण ‘तळ्यावर जायचं’ एवढे दोन शब्द ती अडखळत का होईना, रोज म्हणायची. आणि रोज आम्ही दोघं बापलेक दुसरीकडे बघायचो.

शेवटी प्रज्ञानंच मनावर घेतलं. ती सणसवाडीच्या एका कंपनीत नोकरीला आहे. तिथल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून तिनं जीपच्या मागे जोडायचा दोन चाकांचा डबा करून घेतला. आत पलंग, उंच कमोड, शेगडी, पाण्याचे कॅन ठेवायला जागा, आणि दाराशी कौसल्येला धरायला दांडी. ती त्याला ट्रेलर म्हणते, मी डबाच म्हणतो. त्याची कागदपत्रं झाल्यावर महिनाभर दर रविवारी ती मैदानात जाऊन तो मागे घ्यायची प्रॅक्टिस करत होती. डबा डावीकडं न्यायचा तर स्टिअरिंग उजवीकडं फिरवायचं. ते नुसतं बघून मला गरगरायचं.

नियम तिचा एकच होता: गाडी चालू असताना डब्यात कुणी बसायचं नाही. आई पुढच्या सीटवर उश्या लावून बसेल, दमली की गाडी थांबेल, मग आई डब्यात आडवी होईल. मला मागची सीट मिळाली.

दौंड ते भोर

मार्चात तळ्यावर पाय ठेवायला जागा नसते, म्हणून आम्ही फेब्रुवारी निवडला. निघायच्या आदल्या संध्याकाळी सामान मी भरलं. पाण्याचे कॅन, पीठ, भांडी, गॅसची छोटी टाकी, सगळं डब्याच्या मागच्या टोकाला नीट रचलं, कारण पलंगाजवळ कौसल्येच्या पायात यायला नको. स्वतःवर खूश होतो.

सोलापूर रस्त्याला लागलो, यवत मागे पडलं आणि एक एसटी आम्हाला ओलांडून सुसाट गेली. तिच्या वाऱ्याबरोबर डबा डोलायला लागला. आधी थोडा, मग इतका की तो जीपचं बूड डावीकडून उजवीकडं ओढायला लागला. मी ओरडलो, “ब्रेक! ब्रेक मार!” प्रज्ञानं ब्रेक मारला नाही. तिनं फक्त ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. वेग उतरला तसा डबा आपोआप शांत झाला.

कासुर्डीला एका रसवंतीपाशी तिनं गाडी घेतली, डब्याचं मागचं दार उघडलं आणि माझी रचना बघून कपाळाला हात लावला.

“पप्पा, सगळं वजन शेपटीला! पुढचं टोक उचलायला लागलं की डबा झुलणारच. जड सामान चाकांच्या जरा पुढं, हुकाकडं पायजे.”

“मला काय म्हाईत? आमच्या वॅगनी अशा झुलत नाहीत.”

“तुमच्या वॅगनींना रूळ असतात.”

मी मुकाट्यानं कॅन पुढं ओढायला लागलो. रसवंतीचा मालक चरकावरून उठून बघायला आला. आमच्या शिरूर-दौंडकडं बंद गाडी मागे बांधून कुणी चाललं की लोकांच्या मनात एकच विचार येतो.

“शर्यतीचा बैल हाय व्हय आत?” त्यानं विचारलं.

पुढच्या सीटवरून कौसल्या अर्ध्या तोंडानं हसली. “म्हा…तारी हाय,” ती म्हणाली. “शर्यतीचीच.”

मालक इतका खूश झाला की त्यानं तिचा ग्लास पुन्हा भरला. झटक्यानंतर तिनं परक्या माणसाशी केलेली ती पहिली चेष्टा होती. मी डब्याच्या मागे जाऊन उगाच कॅन सरकवत बसलो, कारण डोळे भरून आले होते.

उरुळीवरून शिंदवणे घाट चढलो. चढताना डबा मागे ओढतो, इंजिन कण्हतं, पण भीती वाटत नाही. सासवडला अंजिरं घेतली. कौसल्येला डाव्या हातानं सोलून खाता येतील असं ते एकच फळ, आणि तिनं ती एकटीनं संपवली. भोरला मुक्कामाला एका मंगल कार्यालयाचं आवार मागितलं. तिथला व्यवस्थापक आधी बिचकला, आम्ही काही विकायला आलोय अशी त्याची समजूत झाली. प्रज्ञानं त्याला आत नेऊन पलंग आणि कमोड दाखवला. त्यानं दाराची दांडी हलवून बघितली आणि तो म्हणाला, “माझी आई पण अशीच पडून हाय, मॅडम. हे कुठं बनवलं तेवढं सांगा.” मग त्याच्या घरून आमच्यासाठी पिठलं आणि वाफाळता भात आला. आम्ही ज्वारी-बाजरीची माणसं. भात आमच्याकडं जेवणाच्या शेवटाला येतो. इकडं तो पहिल्यापासून मांडी घालून बसलेला असतो. पण वास असा की माझी भाकरीची आठवणच गेली.

वरंध घाट

भोर सोडल्यावर रस्ता बराच वेळ धरणाच्या पाण्याच्या कडेनं जातो. पलीकडं डोंगर, अलीकडं खाचरं, मध्येच एखादं कौलारू घर. कौसल्या खिडकीशी डोकं टेकून बघत होती. ती या रस्त्यानं टेम्पोतून कितीदा गेली होती, पण बायांच्या गाण्यात नि गर्दीत तिला म्हणे कधी बाहेरचं दिसलंच नव्हतं.

वाघजाईच्या देवळापाशी माथा येतो आणि समोरची जमीनच संपते. खाली कोकण धुरकट दिसतं. तिथं चहा-भज्यांच्या टपऱ्या आहेत आणि माकडं आहेत. एका माकडानं आमच्या बोनेटवर बसून माझी टोपी पळवली आणि ती घालून बघितली. त्याला ती मोठी झाली.

इथं मी रेल्वेचा हट्ट धरला. लोणावळ्याहून कर्जतकडं उतरण्याआधी आमची गाडी थांबवून ब्रेक तपासल्याशिवाय पुढं सोडत नाहीत. मी जीपचा ब्रेक बघायला लावला, डब्याचा बघितला, हूक आणि साखळ्या ओढून बघितल्या. डब्याला स्वतःचा ब्रेक आहे. जीप हळू झाली आणि डबा पुढं रेटला की त्या रेट्यानंच तो लागतो. इथपर्यंत प्रज्ञा माझ्यावर खूश होती.

“आता मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरणार,” ती म्हणाली. “वेग वाढला की ब्रेक जोरात दाबायचा आणि सोडून द्यायचा. परत वाढला की परत.”

“अजिबात नाही,” मी म्हणालो. “ब्रेकशी खेळायचं नसतं. एकदा धरला की खालपर्यंत धरायचा.”

माझं म्हणणं हवेतलं नव्हतं. मालगाडीचा ब्रेक हवेवर चालतो. एकदा सोडला की लांबलचक गाडीच्या पाइपात पुन्हा हवा भरायला वेळ जातो, आणि उतारावर सारखा लावला-सोडला तर ऐन वेळी हवाच उरत नाही. हे आम्हाला अगदी घोटवून शिकवलेलं. घाटात ब्रेक लावून सोडणाऱ्या ड्रायव्हरकडं आम्ही वेड्याकडं बघावं तसं बघायचो.

प्रज्ञानं पहिली काही वळणं तिच्या पद्धतीनं घेतली. तिनं पाय उचलला की मी मागून ओरडायचो, “सोडू नको! धर!” ती दचकायची. एकदा दचकण्यात तिचं वळण मोठं झालं आणि वर येणाऱ्या दुधाच्या गाडीनं शिव्या घातल्या.

“बरं, धरते,” ती चिडून म्हणाली. “पण आता एक शब्द बोलू नका.”

ती ब्रेकवर पाय ठेवूनच उतरू लागली. ब्रेकनंच गाडी आवरतेय म्हटल्यावर तिनं गिअरही वरचा टाकला. गाडी कशी शांत, एका वेगानं चालली. मी मागे रेलून बसलो. जणू माझ्याच इंजिनात बसलोय.

मग जळका वास आला. मी म्हणालो, पुढं कुणाचा तरी ट्रक तापलाय. पुढं ट्रक नव्हता.

“पप्पा,” प्रज्ञा म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. “पेडल आत चाललंय. दाबतेय, पण काही धरतच नाही.”

जीपनं वेग घेतला. मागून डब्यानं रेटा दिला, तो मला पाठीत जाणवला. समोर वळण, वळणाला दगडी कठडा, आणि कठड्यापलीकडं काही नाही. मी तोंड उघडलं आणि मला कळलं की माझ्याकडं सांगायला काही नाही. मघापासून जे सांगत आलो ते करूनच तर आम्ही इथं आलो होतो. मी मागून कौसल्येचे दोन्ही खांदे घट्ट धरले. तेवढंच माझ्या हातात होतं.

“गप्प बसा सगळे,” प्रज्ञा म्हणाली. कुणीच बोलत नव्हतं. तिनं गिअर खाली ओढला. इंजिन किंचाळलं, आम्ही तिघंही पुढं हेलपाटलो. पुन्हा एक खाली. हँडब्रेक थोडा थोडा वर घेत तिनं वळण पार केलं आणि पुढं डोंगराच्या बाजूला मुरुमाची रुंद जागा होती तिच्यात गाडी घातली. चाकं मुरुमात रुतली. डब्याचा कोपरा दरडीला खरवडत गेला, खिडकीची काच तडकली आणि आम्ही थांबलो.

मी आधी उतरून चाकांना दगड लावले. ते माझं काम मला येतं. चाकांमधून धूर निघत होता, म्हणून मी पाण्याचा कॅन उचलला, तर प्रज्ञानं तो हातातून काढून घेतला. “गरम ब्रेकवर पाणी ओतलं तर तडकतील. आपोआप थंड होऊ देत.” मग ती दरडीशी उकिडवी बसली. मी तिच्या शेजारी बसलो.

जीपच्या खिडकीतून कौसल्या म्हणाली, “मला… संडासला.”

आम्ही दोघं एकदम हसायला लागलो. इतकं हसलो की प्रज्ञाला रडू आलं. मग तिनं डब्याचं दार उघडलं, आईला दांडीला धरून वर घेतलं, आणि भर घाटात, कुठल्याही हॉटेलाच्या पाया न पडता, आमच्या बाईचं सगळं अब्रूनं झालं. डबा कशासाठी केला होता ते तिथं वसूल झालं.

ब्रेक निवायला पुष्कळ वेळ लागतो. कौसल्येला पलंगावर निजवलं, चहा ठेवला. खालच्या वाडीतली एक बाई डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन चालली होती, ती वास घेत थांबली.

“ब्रेक जाळलंसा जणू,” ती म्हणाली. “कुनीकडं निघाला?”

“महाडला, तळ्यावर,” मी म्हणालो. “हिला न्यायचंय.”

तिनं मोळी टेकवली आणि दारातून आत डोकावली. “या बाईला घिऊन? यवढ्या लांबनं?” चहा घेतला, कौसल्येच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं आणि म्हणाली, “मी हितलीच, पन बाजाराला जातीया आन् येतीया. तळं काय अजून बगितलं न्हाई.”

“या मंग,” कौसल्या म्हणाली. “जागा… हाय.”

बाई हसली, म्हशीचं कारण सांगितलं आणि मोळी उचलून गेली.

ती गेल्यावर मी मनातलं बोललो. फोन करून कुणाला तरी बोलवू, डबा इथंच सोडू, परत फिरू. तळं काय पळून जात नाही. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. प्रज्ञानं परत फिरू म्हटलं असतं तर मी तिला बोल लावला नसता.

पलंगावरून कौसल्येनं डावा हात वर केला आणि बोट दाखवलं. रस्त्याच्या उताराकडं.

“खाली,” ती म्हणाली. “पुन्हा… मला कोन आननार?”

प्रज्ञा उठली. चाकांना हात जवळ नेऊन धग बघितली, पेडल दाबून बघितलं, ते परत टणक झालं होतं. मग माझ्याकडं वळली. “पप्पा, आता माझ्या पद्धतीनं.”

“तुझ्या पद्धतीनं,” मी म्हणालो.

माणूस चालत जाईल त्याहून थोड्याच जास्त वेगानं आम्ही निघालो. पहिला गिअर, कुठं दुसरा. इंजिन घुमत होतं आणि तेच गाडीला मागे ओढून धरत होतं. वेग चढला की ती ब्रेक ठाम दाबायची, मग सोडून द्यायची. मागे गाड्या साठल्या की जागा बघून बाजूला घ्यायची आणि त्यांना जाऊ द्यायची. मी टॉवेलचं टोक दातांत धरून बसलो होतो. ती ब्रेक सोडायची तेव्हा माझा उजवा हात आपोआप हँडल शोधायचा, आणि तिथं सीटच असायची.

बऱ्याच वळणांनंतर माझ्या डोक्यात उजेड पडला. बोरघाटात मालगाडी धरून ठेवायचं निम्मं काम आमचं इंजिनच करायचं. त्याला स्वतःचा विजेचा ब्रेक असतो. चाकांचे ब्रेक जोडीला असायचे. इंजिनाचं ते काम मला इतकं अंगवळणी पडलं होतं की मी ते हिशेबातच धरलं नाही. प्रज्ञाचा खालचा गिअर म्हणजे तेच. हे तिला सांगावंसं वाटलं, पण बोलायची बंदी होती. खाली सपाटीला लागल्यावर सांगितलं.

“मग वर का नाही सांगितलं?” ती म्हणाली.

“तुला येत होतंच की.”

तिचे खांदे खाली आले.

तुम्ही असं घर मागे बांधून हा घाट उतरणार असाल तर पावसाळा सोडून जा, रस्ता चालू आहे का ते आधी विचारा, गिअर माथ्यावरच खालचा टाका आणि मागच्या सीटवर रेल्वेवाला बसवू नका.

महाड

बिरवाडीच्या पुढं हवा दमट झाली. कौसल्येनं खिडकी उघडायला लावली. एका खानावळीत तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी मिळाली. आमच्याकडची भाकरी चावावी लागते, ही तोंडात विरघळते. कौसल्येचा अर्धा जबडा काम करत नाही, त्यामुळे तिला कोकणच जास्त सोयीचं पडलं.

तळ्याशेजारच्या गल्लीत प्रज्ञानं डबा एका दमात मागे घेतला. दोन रिक्षावाले बघत उभे होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. ती लाजली, पण मला दिसेल अशी लाजली.

आतमध्ये एखाद-दुसरं कुटुंब होतं. उन्हात पाणी हिरवट दिसत होतं. मी पहिल्यांदा पाहत होतो. लहानपणापासून ज्या पाण्याबद्दल ऐकलं, ज्याच्यासाठी माझ्या आजा-पणजाच्या पिढीतली माणसं पायपीट करत इथं आली आणि मार खाऊन गेली, ते पाणी इतकं साधं, गावातल्या कुठल्याही तळ्यासारखं. मला वाटलं होतं मी मनातल्या मनात काही म्हणेन. त्याऐवजी मी कौसल्येसाठी पायऱ्या मोजायला लागलो.

पायऱ्या उतरताना प्रज्ञा सांगत होती तसे आम्ही चाललो. आधी आईचा अधू पाय, पप्पा तुम्ही थांबा, आता तुम्ही. शेवटच्या कोरड्या पायरीवर कौसल्येला बसवलं. तिनं डावा हात पाण्यात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

“आई, पिऊ नकोस हं,” प्रज्ञा म्हणाली. “पाणी कसं असेल काय माहीत. घरची बाटली आहे.”

कौसल्येनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिनं मांडीवर पडलेला उजवा हात डाव्या हातानं उचलला, पाण्यात नेला आणि डाव्याला चिकटवून ओंजळ केली. उजवी बोटं मिटत नव्हती. पाणी वर येईपर्यंत तिकडून गळत होतं. ती ओंजळ तिनं स्वतःच्या तोंडाकडं नेली नाही. माझ्याकडं वळवली.

“आधी तुमी,” ती म्हणाली. “तुमी… कवाच आला न्हाई.”

पाणी गळतच होतं. प्रज्ञा खाली वाकली आणि तिनं आपले दोन्ही हात आईच्या ओंजळीखाली धरले. मी वाकलो आणि प्यालो.